आज दुपारी डोळ्यासमोर बघितलं म्हणून लिहितेय

अडीच वाजले असतील, अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, शेजारच्या बांधकामावरचा सेंट्रिंगवाला दादा सळ्या बांधता बांधता एकदम बरळायला लागला, मुकादमालाच आई म्हणून हाक मारत होता. लोक म्हणे घेतली असेल यानं! मी हात लावला तर अंग तव्यासारखं. खूप वाईट वाटलं मला त्या बोलण्याचं.

नुसती चक्कर, मळमळ असेल तर सावली, मीठ-साखरेचं पाणी यानं माणूस सावरतो, पण उन्हात बोलणं भरकटलं की उष्माघातच समजा, तेव्हा ताप बहुतेक ४० अंश सेल्सिअसच्या वर असतो. आणि घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं नका धरू, या दादाचा शर्ट घामाने चिंब होता.

एकाला १०८ लावायला सांगितलं, त्याला सावलीत ओढलं, शर्ट काढला, स्लॅबवर पाणी मारायचा पाईप होता तोच धरला, आधी चटका बसेल असं पाणी आलं ते वाहून जाऊ दिलं, मग गार आलेलं अंगावर, दोघं पुठ्ठ्यानं वारा घालत होते, रसवंतीवरून बर्फ आणून फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत. एक काकू तोंडात पन्हं घालणार होत्या, थांबवलं त्यांना, शुद्धीत नसलेल्या माणसाचं पाणी श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही या तापावर चालत नाही.

गाडी आली तेव्हा त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, हळू आवाजात, पण बरोबर. उद्या मुकादमाशी बोलणारे, १२ ते ४ काम बंद ठेवा म्हणून.