मोंझाच्या उद्यानात: शर्यतीचे दोन दिवस आणि जुन्या उतारावरची एक सकाळ

मिलानला शिकणाऱ्या भाच्याकडे २०२५ च्या सप्टेंबरात आठवडाभर राहण्याचा योग आला आणि इटालियन ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारींची इटलीतील मोठी शर्यत, नेमकी त्याच आठवड्यात मिलानजवळच्या मोंझा सर्किटवर होती. शनिवारची पात्रता फेरी आणि रविवारची शर्यत अशी दोन दिवसांची तिकिटे आम्ही महिनाभर आधीच काढून ठेवली होती. परंतु मोंझाला जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे आहे की, शर्यतीनंतरचा एखादा दिवस अवश्य राखून ठेवावा. या सर्किटचा अर्धाअधिक इतिहास मुख्य ग्रँडस्टँडपासून दूर, झाडांमध्ये उभा आहे आणि तो पाहायला तिकीट लागत नाही.

मिलानहून मोंझा अगदी जवळ आहे. पोर्ता गारिबाल्दी स्थानकावरून सुटणाऱ्या उपनगरी गाड्या साधारण पंधरा-वीस मिनिटांत तेथे पोहोचवतात. मोंझा स्थानकापासून सर्किट मात्र काही किलोमीटर आत असल्याने शर्यतीच्या दिवसांत तेथून पुढे बस घ्यावी लागते. ज्यांची जागा सर्किटच्या लेस्मो नावाच्या वळणांकडे असेल, त्यांनी उत्तरेकडील बिआस्सोनो-लेस्मो पार्को या छोट्या स्थानकाचा विचार करावा. कागदी तिकीट असेल, तर गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का मारून घेण्यास विसरू नये. तो नसल्यास दंड होतो.

हे सर्किट ज्या उद्यानात आहे, ते नेपोलियनच्या काळात, १८०५ साली, तेथील राजवाड्याला जोडून आखले गेले. सुमारे ७०० हेक्टरांचे हे उद्यान सभोवार भिंतीने वेढलेले आहे आणि त्यातून लाम्ब्रो नदी वाहते. १९२२ च्या फेब्रुवारीत विन्चेन्झो लान्चा आणि फेलिचे नात्सारो या दोन नामवंत चालकांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. पण लगेचच झाडे आणि निसर्गसौंदर्य यांच्या रक्षणाच्या मुद्द्यावरून काम थांबवावे लागले. मूळ आराखडा १४ किलोमीटरांचा होता. तो आखूड करून १० किलोमीटरांवर आणल्यानंतर मे महिन्यात काम पुन्हा सुरू झाले आणि ३,५०० कामगारांनी अवघ्या ११० दिवसांत ते पुरे केले. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस यांच्यानंतर मुद्दाम शर्यतीसाठी बांधलेले हे जगातील तिसरे मोठे सर्किट ठरले. झाडांसाठी झालेला तो वाद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आजही या मार्गावर उभे राहिले की डोळ्यांत भरते ती पानांची हिरवी भिंत, आणि गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी तिचा आवाज त्या पानांमधून येतो.

रविवारी आम्ही सकाळी आठच्या आधी फाटकाशी होतो आणि ते योग्यच झाले. ज्यांचे आसन राखीव नसते त्यांनी उशीर केला, तर पुढे उभ्या असलेल्यांच्या पाठीच पाहाव्या लागतात. सोबत घडीचे स्टूल, टोपी आणि कानांत घालायचे बोळे असावेत. मुख्य शर्यत लवकर संपते, ५.७९३ किलोमीटरांचे ५३ फेरे. त्या दिवशी मॅक्स व्हर्स्टापेन याने सरासरी २५० किलोमीटरांपेक्षा अधिक वेगाने ती सव्वा तासाच्या आत संपवली, आणि फॉर्म्युला वनमधील ती आजवरची सर्वांत वेगवान शर्यत ठरली. त्यामुळे सकाळच्या कनिष्ठ गटांच्या शर्यती चुकवू नयेत. दिवसभराच्या तिकिटाचे मोल तेथेच वसूल होते. शर्यत संपल्यावर फाटके उघडतात आणि फेरारीचे चाहते लाल झेंडे घेऊन थेट मार्गावर उतरतात. आम्हीही उतरलो. तेथून स्थानकावर परतायला आम्हाला दोन तासांहून अधिक वेळ लागला, त्यामुळे रविवारच्या रात्रीचे विमान किंवा लांब पल्ल्याची गाडी कोणीही ठरवू नये.

बुधवारी मात्र उद्यानात सायकलवाले, धावणारे आणि कुत्री फिरवणारी वयस्कर मंडळी एवढीच वर्दळ होती. वेदानोच्या फाटकाने आत जाऊन आम्ही दक्षिणेकडचा जुना उंच उतार, म्हणजे बाहेरची कड उंच ठेवून तिरपे बांधलेले वळण, शोधला. इटालियन लोक त्याला सोप्राएलेवाता म्हणतात. १९५५ साली सर्किटची पुनर्बांधणी झाली तेव्हा हे काँक्रीटचे दोन अर्धवर्तुळाकार उतार उभारले गेले. त्यांची त्रिज्या ३२० मीटर आहे आणि वरच्या कडेला चढ सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जातो. छायाचित्रांवरून हा चढ मुळीच कळत नाही. खालच्या कडेने चार पावले सहज टाकता येतात, सहाव्या-सातव्या पावलाला टाच उचलली जाते आणि त्यापुढे हात टेकल्याशिवाय जाता येत नाही. मी हात टेकला तेव्हा काँक्रीटच्या पट्ट्यांच्या सांध्यात बोटाचे एक पेर सहज मावले, आणि त्या फटीत शेवाळ व ओकच्या झाडाची कुजलेली पाने होती. वर गंजलेला कठडा. दर काही पावलांवर असा सांधा येतो, आणि अशा पृष्ठभागावरून अडीचशेच्या वेगाने जाताना टायर व सस्पेन्शन यांचे काय होत असेल, हे समजायला वेगळ्या पुस्तकाची गरज उरत नाही. १९५५ च्याच शर्यतीपूर्वी लान्चाच्या गाड्या टायरच्या तक्रारीमुळे मागे घेतल्या गेल्या. १९६० साली प्रमुख ब्रिटिश संघांनी या उतारामुळे शर्यतीवरच बहिष्कार टाकला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तो १९५५, १९५६, १९६० आणि १९६१ एवढ्या चारच वर्षी वापरला गेला.

१९६१ ची शर्यत शोकाची आहे. दुसऱ्याच फेरीत, पाराबोलिका या सर्किटच्या शेवटच्या वळणाच्या अलीकडे, चालक वोल्फगांग फोन ट्रिप्स यांची फेरारी जिम क्लार्क यांच्या गाडीला लागून प्रेक्षकांत गेली. ते स्वतः आणि पंधरा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. हा अपघात उतारावर झाला नव्हता, तरी त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्या उतारावर पुन्हा झाली नाही. मोंझाने अशी किंमत वारंवार मोजली आहे. चालक आल्बेर्तो आस्कारी १९५५ साली जेथे मृत्युमुखी पडले, त्या वळणाला आज त्यांचेच नाव आहे. योखेन रिंट १९७० साली सरावात पाराबोलिकाशी अपघातात दगावले आणि मृत्यूनंतर जगज्जेते ठरले. पाराबोलिकाला २०२१ पासून इटालियन चालक मिकेले आल्बोरेतो यांचे नाव दिले गेले आहे, पण प्रेक्षकांच्या तोंडी जुनेच नाव असते.

सरळ रस्त्यांवर पुढच्या गाडीच्या आडोशाने वेग वाढवत नेणे ही येथील जुनी रीत. १९७१ साली पीटर गेथिन यांनी एक शतांश सेकंदाने शर्यत जिंकली तेव्हा पहिले पाचजण सुमारे सहा दशांश सेकंदात होते, आणि २४२.६ किलोमीटरांचा तो सरासरी वेग २००३ पर्यंत कोणाला गाठता आला नाही. याचे कारण पुढच्याच वर्षी बसवलेल्या शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी लागोपाठची आखूड वळणे. १९७६ साली त्यांत रोज्जाच्या शिकेनची भर पडली. मला स्वतःला त्या नकोशा वाटत नाहीत. साडेतीनशेच्या आसपासच्या वेगावरून पहिल्या शिकेनसाठी करकचून ब्रेक लावणारी गाडी समोरून पाहिली, तर चालकाची कसोटी तेथेच लागते हे पटते.

जुन्या उतारावर जाताना रबरी तळव्याचे बूट घालावेत आणि पाऊस पडून गेला असेल, तर वर चढू नये. ओल्या शेवाळावर पाय ठरत नाही. पाण्याची बाटली सोबत ठेवली, तर उद्यानातील नळांवर ती भरता येते. उत्तरेकडचा उतारही चालत पाहता येतो. त्याच्या खालून आजचा मार्ग लेस्मोहून आस्कारीकडे जातो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तेथे उभे राहिले की जुन्या काँक्रीटची सावली नव्या डांबरावर पडलेली दिसते.