खोके उघडल्यावर

व्हिडिओ गेमचे खोके हाती आले की ते फाडायचे, सीडी यंत्रात सरकवायची आणि पहिला रिमोट कोणी धरायचा यावरून भांडण सुरू करायचे, अशी आमच्याकडची रूढ पद्धत आहे. भांडणाला माझी हरकत नाही. परंतु सीडी आत जाण्यापूर्वी पाचदहा मिनिटे खोक्याला द्यावीत, हे माझे मत वेंगुर्ल्याच्या दमट हवेत राहून दिवसेंदिवस घट्ट होत चालले आहे. इथे खोकी येतात ती मुख्यतः चतुर्थीला, चाकरमान्यांच्या बॅगांतून. मुंबईचा मुलगा दहावीत गेला की त्याचे गेम गावच्या धाकट्या भावंडांच्या वाट्याला येतात, म्हणजे हाती पडणारे खोके आधी कुणीतरी उघडलेले, वापरलेले आणि बरेचदा अर्धवट भरलेले असते. नवी खोकी कुरियरने येतात, पण कुरियरवाला ती तिठ्यावरच्या दुकानात ठेवून निघून जातो आणि परत करण्याची मुदत दुकानातच निम्मी संपते. तेव्हा जे पाहायचे ते ताबडतोब पाहिलेले बरे.

सुरुवात बाहेरून करावी. परदेशातून आलेल्या मालावर आयातदाराचे नाव आणि पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क, इतके छापणे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी सक्तीचे आहे. ही माहिती वेगळ्या चिकटपट्टीवर छापून वरून लावलेली असते, आणि खोक्यावर एवढी मोकळी जागा असताना ती नेमकी वाचण्याजोग्या मजकुरावरच डकवण्याचे कौशल्य त्या मंडळींनी कसे साध्य केले, हे मला आजवर उलगडलेले नाही. पट्टी सावकाश सोलावी आणि मागे राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाचे बोट फिरवून काढावा. खोके प्लास्टिकचे असल्याने त्याला काही होत नाही. पट्टीखालून पुष्कळदा वयाचा आकडा निघतो.

या आकड्याविषयी घरोघरी गैरसमज आहे. युरोपातली ‘पेगी’ ही पद्धत २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यात ३ आणि ७ हे आकडे हिरव्या, १२ आणि १६ नारिंगी आणि १८ लाल चौकोनात असतात. अमेरिकेची ‘ईएसआरबी’ १९९४ पासून आकड्यांऐवजी अक्षरे वापरते. दोन्हींचा अर्थ इतकाच की आतला मजकूर कोणत्या वयाला योग्य आहे. गेम किती अवघड आहे याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. बुद्धिबळाच्या गेमवर ३ लिहिलेले असते, म्हणून तीन वर्षांचे पोर तो जिंकेल असे नव्हे, आणि १८ वाला गेम आपला हुशार पुतण्या बाराव्या वर्षीच खेळतो यात अभिमान बाळगण्यासारखेही काही नाही. आकड्याच्या शेजारी लहान चित्रे असतात: मूठ म्हणजे मारामारी, कोळी म्हणजे भीती, फासे म्हणजे जुगार. २०१८ पासून त्यांत हातात कार्ड धरल्याचे चित्र आले आहे, आणि त्याचा अर्थ असा की गेम विकत घेतल्यावरही आत पुन्हा पैसे मागितले जाणार आहेत. ज्या घरात बाबांच्या फोनचा पिन मुलांना पाठ असतो, तिथे कोळ्यापेक्षा या चित्राचीच भीती बाळगावी.

खोक्याच्या पाठीवरची चित्रे पाहण्यात वेळ घालवू नये, ती सगळी चांगलीच असतात. पाहायचा तो खेळणाऱ्यांचा आकडा. चतुर्थीच्या दिवसांत घरात चुलत, मामे, आते अशी सगळी मिळून डझनभर पोरे असतात आणि टीव्ही एकच असतो. अशा वेळी त्या आकड्यावर घरातली शांतता अवलंबून असते. पूर्वी तिथे नुसते ‘१-४’ असे असे आणि त्याचा अर्थ चौघे शेजारी बसून खेळतील असा सरळ होता. आता तिथे दोन आकडे असतात: एक घरातल्यांचा आणि एक ऑनलाइन खेळणाऱ्यांचा. मोठा आकडा पाहून घेतलेल्या गेममध्ये घरातल्यांपुरता ‘१’च निघाला, तर एक जण खेळतो आणि बाकीचे त्याला चुका दाखवतात, आणि आरतीची वेळ होईपर्यंत निदान दोघांनी अबोला धरलेला असतो. शिवाय ऑनलाइन खेळायला पुष्कळ यंत्रांवर निराळी वर्गणी लागते, हेही तिथेच बारीक अक्षरांत लिहिलेले असते. सहावीतल्या पुतण्यालाच ते वाचायला लावावे, त्याचे डोळे तरुण आहेत.

जुने खोके असेल तर पाठीवर ‘पाल’ किंवा ‘एनटीएससी’ ही टीव्हीच्या चित्राच्या दोन निरनिराळ्या पद्धतींची नावेही शोधावी लागतात. सोनीच्या प्लेस्टेशन २ या यंत्रापर्यंत यंत्र आणि सीडी एकाच विभागाची असावी लागे. अमेरिकेतल्या काकाने प्रेमाने पाठवलेला गेम युरोपच्या यंत्रात चालत नसे. प्लेस्टेशन ४ वर हे बंधन सीडीपुरते उरलेले नाही. परंतु खोक्यातल्या चिठ्ठीवरचा जादा मजकुराचा कोड मात्र अजूनही आपल्या खात्याच्या विभागाशी जुळावा लागतो.

आता खोके उघडावे. प्लेस्टेशन २ च्या डब्यात डाव्या बाजूला मेमरी कार्डासाठी खाच असते, ती आधी चाचपावी, कारण देणारा तिथे ठेवलेले कार्ड हमखास विसरतो. आठ एमबीच्या त्या कार्डावर एखाद्या चाकरमान्याचे अख्खे बालपण साठवलेले असू शकते. ते पुसण्यापूर्वी त्याला फोन करून विचारणे ही साधी माणुसकी झाली.

सीडी मधल्या दांडीवर बोट दाबूनच सोडवावी. कडेला धरून ओढली तर ती वाकते आणि मधल्या भोकाभोवती केसासारख्या चिरा जातात. यंत्रात ती वेगाने फिरू लागली की त्या चिरा वाढतात. म्हणून आधी भोक पाहावे, मग बाकीचे. आपण सरसकट सीडी म्हणतो, पण पहिल्या प्लेस्टेशनचे गेम सीडीवर, दुसऱ्याचे बहुतेक डीव्हीडीवर आणि तिसऱ्यापासून पुढचे ब्लू-रेवर आहेत, आणि तपासणीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. सीडीत माहितीचा चंदेरी थर चित्र छापलेल्या बाजूला, वार्निशासारख्या पातळ पापुद्र्याखाली असतो. त्यामुळे खालचा ओरखडा पॉलिश करून घालवता येतो, पण वरच्या बाजूला नखाने काढलेला चरा थेट गेमचाच तुकडा खरवडून नेतो; आणि आपण मात्र सीडी नेहमी चित्राची बाजू खाली करून टेबलावर टाकतो. डीव्हीडी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन तबकड्या चिकटवून केलेली असते, म्हणून तिचा थर मधोमध सुरक्षित राहतो. ब्लू-रेचा थर खालच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. त्यावर कठीण लेप दिलेला असल्याने ती सहसा चरत नाही, पण एकदा खोलवर चरली की घासून दुरुस्त करण्याइतकी जाडीच तिथे नसते.

किनाऱ्यावर याखेरीज बुरशी पाहावी लागते. जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडे चपला, पट्टे आणि पुस्तकांचे कणे यांच्याबरोबर सीडीवरही पांढुरकी नक्षी उमटते, आणि डब्यातले कागद ओलसर होऊन सीडीला चिकटतात. सीडी खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरावी. पृष्ठभागावरची बुरशी मऊ सुती फडक्याने जाते. मात्र उजेडाचे टाचणीएवढे ठिपके आरपार दिसू लागले तर चंदेरी थरालाच हवा लागून तो खाल्ला गेला आहे असे समजावे आणि देणाऱ्याचे आभार मानून विषय बदलावा. पुसताना हात मधून कडेकडे सरळ न्यावा, गोल फिरवू नये. माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीतले थोडेसेच खातो आणि यंत्र तेवढी चूक भरून काढते, पण रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर गिळतो. खालच्या बाजूला जांभळट किंवा हिरवट झाक दिसली, तर ती कॉपी मारलेली सीडी असते. अशा सीड्यांवर आमच्या जिल्ह्याची एक पिढी वाढली, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्राच्या गेमच्या खोक्यात सीडी नसते, बोटाच्या पेराएवढे कार्ड असते. ते लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्यावर २०१७ पासून डेनॅटोनियम बेन्झोएट या द्रव्याचा लेप दिलेला आहे आणि तो काडेकिराइताच्या काढ्याहून कडू लागतो. कार्डाच्या मागचे सोनेरी पट्टे पाहावेत. खाऱ्या हवेत त्यांच्यावर मळकट थर चढला असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावा. फुंकर मारू नये. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटी आम्ही सगळ्यांनी फुंकल्या, पण फुंकरीने धुळीपेक्षा श्वासातला ओलावाच पट्ट्यांवर अधिक जातो, आणि ओलाव्याची आमच्याकडे मुळीच टंचाई नाही.

राहिले कागद. हे टाकून देण्याचे काम माणसे फार उत्साहाने करतात, आणि जुन्या गेमच्या बाबतीत ते महागात पडते. १९९० च्या ‘स्टारट्रॉपिक्स’ या गेमच्या खोक्यात नायकाच्या काकांचे एक पत्र असे. खेळात एका ठिकाणी ते पत्र पाण्यात बुडवायला सांगत. बुडवले की कागदावर ७४७ हा आकडा उमटे, आणि त्याशिवाय पुढे जाता येत नसे. ज्याने गेम भाड्याने आणला त्याच्याकडे पत्र नसे, आणि ज्याने आधीच पाण्यात बुडवून सुकल्यावर फेकले त्याचा पुढचा मालक तिथेच अडकून पडे. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये एका सहकारी स्त्रीशी बोलण्यासाठी लागणारा १४०.१५ हा आकडा खोक्याच्या पाठीवरच्या चित्रात ठेवला होता. मला यातली कल्पकता फार आवडते. खेळाचा एक धागा खोक्याबाहेर, आपल्या ओटीवरच्या उजेडात आणून ठेवलेला असे.

खोके आणि खेळ एकच, ही समजूत आमच्या भागाला नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या पेटीत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात, आणि त्यांतले एक जरी पेटीत नसले तरी डाव मांडता येत नाही. राजा हरवला काय आणि दुरी हरवली काय, सारखेच. खेळण्यापूर्वी पाने मोजणे हा तिथे खेळाचाच भाग आहे.

आजच्या खोक्यांत मोजण्यासारखे उरलेले नाही, ही माझी खरी तक्रार आहे. पुस्तिका तर कधीच गेली. फार तर झटका येण्याच्या धोक्याची सूचना देणारा एक कागद मिळतो. तो मात्र वाचावा, कारण घरात कुणाला फिट येत असतील तर लुकलुकणाऱ्या प्रकाशाने त्या उद्भवू शकतात. पण पुस्तिकेपाठोपाठ आता गेमही निघाला आहे. मुंबईच्या काकाने आणलेले चकचकीत खोके गेल्या चतुर्थीत शेजारच्या मुलाने माझ्या देखत उघडले आणि दोन्ही बाजू पुनःपुन्हा पाहून म्हणाला, “काका, ह्येच्यात सीडीच नाय हा!” आत एका कागदावर कोड होता. सीडी असली तरी भरवसा नाही: २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’च्या प्लेस्टेशन ५ वरच्या तबकडीत जेमतेम सत्तर एमबीच मजकूर होता, बाकीचा सगळा डाउनलोड. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी तर ‘गेम-की कार्ड’ म्हणून रीतसर प्रकारच काढला आहे. त्या कार्डात गेम नसतोच, गेम उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. खोक्याच्या खालच्या पट्टीवर किल्लीचे चित्र आणि किती जीबी उतरवावे लागणार हे छापलेले असते, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी ठेवला आहे.

पुण्यामुंबईत फायबरच्या जोडणीवर याचे कुणाला काही वाटणार नाही. आमच्या वाडीत रेंज शोधत सड्यावर जावे लागते, पावसात लाइट गेले की वायरमनला माड कुठल्या तारेवर पडला ते शोधण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि साठ जीबीचे डाउनलोड गौरी येण्यापूर्वी लावले तर विसर्जनापर्यंत पूर्ण होईल की नाही यावर पैज लागते. अगदी यंत्राच्या बाबतीतही हेच झाले आहे: २०२३ नंतरच्या प्लेस्टेशन ५ ला सीडीचा खण वेगळा घेऊन जोडला, तर पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते, मग हातात पूर्ण भरलेली सीडी असली तरी.

म्हणून पुतण्यांसाठी काय आणू असे विचारायला मुंबईहून फोन आला, की मी हल्ली गेमचे नाव सांगत नाही. खोक्याच्या पुढच्या बाजूच्या खालच्या पट्टीचा फोटो आधी पाठव म्हणतो. त्यात किल्ली दिसली तर त्यापेक्षा येताना पत्त्यांचे दोन कॅट घेऊन ये म्हणतो, आणि दुकानातच बावन्न मोजून घे.