सोळा इंची किक आणि मामांची कणीक

परळच्या आमच्या घरात पलंग तरी राहील नाहीतर ड्रम किट तरी, असं आईने आधीच बजावलं होतं. म्हणून छोटं किट घेतलं, तेही सेकंडहँड: १६ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १० चा टॉम, १३ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा) आणि १२ ची स्नेअर (खाली तारा ताणलेला ड्रम). वांद्र्याहून आणताना सगळं एका टॅक्सीत मावलं. पहिल्या दिवशीचं सुख एवढंच. घरी जोडून वाजवलं तर किक पुठ्ठ्याच्या खोक्यावर बुक्की मारावी तशी, आणि टॉमवर एक काठी पडली की मागे भुंगा गुणगुणत राहायचा.

मी टेप लावली. भुंगा थोडा कमी झाला, म्हणून आणखी लावली. मग रुमाल, मग किकच्या पोटात अख्खी उशी. आठवडाभरात भुंगा गेला आणि त्याच्याबरोबर ड्रमही गेला. रविवारी मामा आले. लालबागला राहतात, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांनी टॉमवर एकदा टिचकी मारली आणि म्हणाले, "मेल्या, ड्रम वाजवतंस का डबो?"

मग त्यांनी टेपकडे बोट दाखवून विचारलं, ही कशाला? म्हटलं, आवाज दाबायला, तुम्ही धुमाला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावता तशीच. "कणीक शेवटी लावतो रे. त्याआधी पुडी जुळवलेली असते." पुडी म्हणजे तोंडावरचं ताणलेलं कातडं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

सगळं सोडवलं. जुन्या हेडना, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्यांना, खड्डे पडले होते, म्हणून वाजवायच्या बाजूची नवी आणली. जूनचा महिना, हेड प्लास्टिकची असल्यामुळे दमटपणाने कातड्यासारखी ढिली पडत नाहीत, पण हेड ताणायचे स्क्रू, म्हणजे रॉड, मात्र गंजले होते. शिलाई मशीनचं तेल कामी आलं. खोडाची कड सरळ आहे का हे बघायला टॉम ओट्याच्या ग्रॅनाईटवर उपडा ठेवला, आत मोबाईलची बॅटरी लावली आणि घरातले दिवे बंद केले. कड वाकडी असेल तर फटीतून उजेड दिसतो. एका जागी केसभर दिसला. तिथे मेणबत्ती घासली आणि पुढे गेलो.

आता जुळवणं. सगळे रॉड आधी नुसते बोटांनी, मग चावीने अर्धा-अर्धा फेरा, कधीही ओळीने नाही. सहा रॉड असतील तर समोरासमोरचे घ्यायचे. टॉमला पाचच होते, तिथे समोरासमोर काही येत नाही. पेन न उचलता चांदणी काढतो तसं एक सोडून एक जायचं. हेड थोडं ताणलं गेलं की मध्ये तळहाताने दाबून बसवायचं. मग प्रत्येक रॉडपासून इंचभर आत हलकी काठी मारून ऐकायचं. इथे मामा रंगात आले. तबल्याची घरं (कडेच्या सूर जुळवायच्या जागा) तपासावीत तसे कान खाली नेऊन "ह्यो चढो हा" असं सांगत राहिले. पाचही जागा एक बोलू लागल्या तेव्हा भुंगा निम्म्याहून जास्त आपोआप गेला होता. खालचं हेड वरच्यापेक्षा किंचित चढं ठेवलं.

उरलेला भुंगा मात्र टॉमच्या स्वभावातच आहे. गोल, एकसारख्या जाडीच्या पडद्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्णांक पटीत येत नाहीत. पहिलाच सुमारे १.५९ पट. तबला-पखवाजाची शाई (पुडीवरचा काळा गोल) तेच सूर जुळवून आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं. आमच्या हेडला शाई नाही, म्हणून काहीतरी चिकटवावंच लागतं. मामांनी सुपारीएवढी कणीक लावून दाखवली. आवाज झकास आला, पण प्लास्टिकवर ती वाळून सुटली आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या. शेवटी जेलच्या चिकट चकत्या घेतल्या. धूळ बसली की पाण्याने धुवायच्या, पुन्हा चिकटतात. टॉमच्या कडेला एक पुरली.

किकने सगळ्यात छळलं. २२ इंचीसारखा खोल सूर १६ इंचीतून काढायचा तर ताण जवळजवळ निम्माच ठेवावा लागतो, म्हणजे हेड सुरकुत्या पडण्याच्या बेतात. मी उलट कसत बसलो होतो. सगळं ढिलं केलं, सुरकुत्या जेमतेम जाईपर्यंत घट्ट केलं, उशी काढली आणि जुन्या टॉवेलची घडी दोन्ही हेडना नुसती टेकेल अशी ठेवली. २२ इंचीसारखी वाजत नाही, वाजणारही नाही. पण धप्प ऐवजी धुम्म म्हणते. मामांचं मत अजून "उशीच बरी होती" असं आहे. त्यांना शेजाऱ्यांची काळजी.

टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा कुरकुरायच्या. टॉम पाव फेरा उतरवला तेव्हा बऱ्याच थांबल्या.

शनिवारी अंधेरीत तालमीला गेलो. गिटार आणि बेस सुरू झाल्यावर घरी कानाला टोचणारी आस, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, कुठे ऐकूच येईना, उलट फ्लोअर टॉम मेल्यासारखा वाटला. एकेक करत चकत्या काढल्या. स्नेअरवरची तेवढी राहिली.