पूर ओसरल्यानंतरची धडधड

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. त्या भागात राहणाऱ्या माझ्या मावशी आजही रात्री सर आली की उठतात, मोरीच्या जाळीतून पाणी उलटे येते आहे का ते पाहतात आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर आहे ना, हे चाचपतात. धडधड होते म्हणून ईसीजी काढला, त्यात काही निघाले नाही. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांपुढे पुराचा विषय कोणी काढलाच नाही.

मावशींना पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार आहे, असे मी म्हणणार नाही. ते मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवावे. मोठ्या आघातानंतर बहुतेक माणसे काही काळात आपोआप सावरतात. मात्र महिना उलटूनही तो प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा अंगावर येत असेल, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसे टाळली जात असतील, मन बधिर किंवा अपराधी वाटत असेल आणि शरीर सतत दचकण्याच्या तयारीत असेल, तर तपासणी करून घ्यायलाच हवी.

हा आजार लपतो तो मुख्यतः टाळण्यामुळे. टाळणे हे त्याचे लक्षण आहे आणि आपल्या घरांत नेमके तेच शहाणपण मानले जाते: ‘झालं गेलं, आता तो विषय नको.’ ज्याला बोलणे सर्वांत जड जाते, त्यालाच आपण अशा प्रकारे गप्प बसवतो. चिडचिड स्वभावाच्या खाती जमा होते, पुरुषाच्या उडालेल्या झोपेचे खापर दारूवर फुटते. काहींत तर पूर्ण लक्षणे सहा महिन्यांनंतर दिसतात. तोवर घटनेशी त्यांचा संबंध कोण जोडणार?

अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1980 मध्ये या निदानाला आपल्या नियमावलीत स्थान दिले, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. म्हणूनच की काय, हा फौजेतला आजार असा समज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात रस्ता अपघात, लैंगिक अत्याचार किंवा जिवावर बेतलेले बाळंतपणही त्याला पुरेसे ठरते.

आघातावर केंद्रित मानसोपचार आणि गरजेनुसार औषधे यांचा उपयोग अनेक वर्षांनंतरही होतो. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते.