कन्फ्यूज म्हटलं आणि तीन पॉइंट पडले

लंडनमध्ये मी हॉस्पिटलांसाठी मराठीची दुभाषी म्हणून काम करते. मराठीचे कॉल तसे कमीच, गुजराती-पंजाबीवाल्यांसारखी आपली चंगळ नाही, त्यामुळे आलेला कॉल सहसा सोडत नाही. १६ जानेवारी २०२३, सोमवार, सकाळी फोन आला की एका ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, ऐंशीच्या आसपासच्या आजी आहेत, पडल्यात, मनगट सुजलंय आणि शिवाय "शी इज कन्फ्यूज्ड", लवकर या.

पोचले तर कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांची रांग. रिसेप्शनवरची बाई वर न बघताच म्हणाली, "इट्स बेडलॅम टुडे, लव्ह." हा शब्द इथे सगळे सर्रास वापरतात, पण मला दरवेळी थोडं कसंतरीच होतं, कारण बेडलॅम म्हणजे लंडनचं बेथलेम हॉस्पिटल, १२४७ साली मठ म्हणून सुरू झालेलं आणि पुढे वेड्यांचं म्हणून प्रसिद्ध झालेलं, एके काळी लोक तिथले पेशंट बघायला सहल काढल्यासारखे जायचे. हॉस्पिटल अजून चालू आहे, आता बेकनहॅमला आहे, मी तिथेही कामाला गेलेय आणि खरं सांगायचं तर तिथे फार शांत असतं. पुढे एक नर्स भेटली ती म्हणे "सॉरी, टोटल शॅम्बल्स". शॅम्बल्स म्हणजे मूळचा खाटकाचा बाजार. म्हणजे एकीचं वेड्यांचं इस्पितळ, दुसरीचा कसाईखाना, आणि बोलताना दोघींच्या चेहऱ्यावर काही नाही! अर्थात आपण तरी काय, आईचा गोंधळ घालतो संबळ-दिवटी घेऊन भक्तिभावाने, आणि तोच शब्द पोरांनी पसारा केला की वापरतो.

आजी मात्र एकदम टवटवीत. नऊवारी, वरून मुलाचा जाड कोट, हात झोळीत. मुलगा गाडी लावायला गेला होता तो गेलाच होता. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "आलीस का बाई, आता मला सांग हे माझं रक्त कशाला काढून राहिलेत, मोडलाय तो हात."

चार्ट बघितला तेव्हा कळलं. इथे पेशंटच्या तब्येतीचे पॉइंट मोजतात, न्यूज-टू म्हणतात त्याला, श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप आणि शुद्ध. डिसेंबर २०१७ पासून शुद्धीच्या रकान्यात एक नवा सी आलाय, सी फॉर कन्फ्यूजन, म्हणजे नव्याने सुरू झालेला भ्रम, आणि त्याचे थेट तीन पॉइंट. एकाच रकान्यात तीन आले की डॉक्टरला ताबडतोब बोलवायचं, कारण म्हाताऱ्या माणसात इन्फेक्शन, सेप्सिस, डोक्याला मार, काहीही असू शकतं. नियम चांगलाच आहे, जीव वाचतात त्याने. आजींचे बाकी सगळे रकाने शून्य आणि तिथे तेवढे तीन. म्हणून रक्त, लघवी, आणि डोक्याचा सीटी ठरत होता.

मी विचारलं, आजी तुम्ही यांना नेमकं काय म्हणालात? "अगं ती विचारत होती गोळ्या कुठल्या घेते, आता इथल्या गोळीचं नाव वेगळं, आपल्याकडच्या गोळीचं वेगळं, मी म्हटलं आय अ‍ॅम कन्फ्यूज्ड."

झालं. आपण दिवसातून दहादा म्हणतो की, भाजी कुठली घ्यायची कन्फ्यूज झाले.

डॉक्टर आला, तरुण पोरगा, रात्रभर जागलेला वाटत होता. मला म्हणाला, विचार त्यांना की तुम्हाला कन्फ्यूज्ड वाटतंय का. आता याचं मराठी काय करू? गोंधळलात का म्हटलं तर त्या हो म्हणणार, भ्रम होतोय का म्हटलं तर चिडणार. आम्हाला स्वतःचं मत द्यायची परवानगी नसते, पण शब्दामुळे गैरसमज होत असेल तर थांबवून सांगता येतं, तसं सांगितलं. त्याने मान डोलावली, म्हणाला बरोबर असेल, पण मला टेस्ट तर घ्यावीच लागेल. दहा प्रश्नांची असते.

जन्मतारीख? "कागदावरची सांगू का खरी?" मला हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगावं लागलं, डॉक्टरचं पेन थांबलं. मग शाळेत मास्तर सरसकट एक जून लावायचे ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. साल बरोबर. वर स्वतःहूनच, "आज किंक्रांत, अशा दिवशी बाहेर पडूच नये, सांगत होते मी याला." किंक्रांत कशी सांगू! म्हटलं, सणाचा दुसरा दिवस, अशुभ मानतात. त्याने काहीतरी लिहिलं.

हॉस्पिटलचं नाव आलं नाही, "मोठा दवाखाना" म्हणाल्या, गेला एक मार्क. गादीवर कोण? "राणी गेली की गं मागेच, आता पोरगा बसलाय." पहिलं महायुद्ध कधी सुरू झालं, हा प्रश्न मला नेहमी अन्यायाचा वाटतो, पण आजींचं माहेर साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या शेजारचं, जिथली ४६ माणसं त्या लढाईत गेली. "चौदा साली," एका दमात. शेवटी वीसपासून उलटे आकडे. एकोणीस, अठरा, सतरा, धडधडत एकपर्यंत आल्या आणि विचारलं, "पावकी म्हणू?"

दहापैकी नऊ. डॉक्टर हसला, सी खोडून ए केलं, ए फॉर अलर्ट, म्हणजे पूर्ण शुद्धीवर, सीटी रद्द. मनगटाचं हाड खरंच मोडलं होतं, ते मात्र दुपारपर्यंत कुणी बघितलं नव्हतं.

प्लास्टर चालू असताना मुलगा घामाघूम आत आला, पार्किंगचं मशीन चालत नाही, दोन इमारती फिरलो, "आई, काय चाललंय इथे, मी तर पार कन्फ्यूज..."

आजींनी चांगल्या हाताने त्याचं तोंडच दाबलं. "हळू बोल मेल्या. तो शब्द काढला की सुया टोचतात इथे."