हंगाम संपल्यावर बघू

“चालतंय ना सगळं? मग आता हात लावू नका, सीझन संपला की बघू,” असे रत्नागिरीतील एका आंबा व्यापाऱ्याचे हिशेबनीस काका आज म्हणाले, तेव्हा सर्व्हरच्या पडद्यावरील अपडेटसाठीच्या रीस्टार्टच्या सूचनेवर त्यांनी पेट्यांच्या दरांची चिठ्ठी चिकटवलेली होती.

त्यांची धास्ती अगदीच अनाठायी नाही. ऐन हंगामात पॅचमुळे, म्हणजे त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटमुळे, बिलिंग अडले, तर वाशीची गाडी खोळंबते. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली अडकवून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर विंडोजमधील ज्या त्रुटीतून जगभर पसरले, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

आधी बॅकअप, मग जुन्या मशीनवर चाचणी आणि रविवारी रात्री रीस्टार्ट, इतके त्यांनी मान्य केले. (लाईट राहिली तर!)

तुमच्याकडे रीस्टार्टची वेळ कोण ठरवते?