मावशीचं नाव

रविवारपासून मन एकाच जागी अडकलंय.

‘हकीकत’ लावला होता, चीन युद्धावरचा जुना हिंदी सिनेमा. नोव्हेंबरात एकदा लावायचाच, ही बाबांची पद्धत. वरच्या खोलीतली लडाखी मुलगी पाणी भरायला खाली आली, दारात थबकली. मी हौसेनं म्हटलं, बस ना, तुमच्याकडचाच सिनेमा आहे. बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, तिच्या मावशीचं नावही सिनेमातल्या नायिकेचंच, अंगमो. मग पडद्यावरची नजर न काढता विचारलं, ‘आंटी, ये कहाँ की है?’

लडाखची, मी म्हटलं. म्हणजे, सिनेमात.

‘अच्छा.’ मध्यंतरालाच उठून वर गेली, उद्या परीक्षा आहे म्हणाली.

अंगमो झालेली प्रिया राजवंश सिमल्याची, लंडनला अभिनय शिकलेली, हे मला काय आजच कळलं? तरीही शेवटी, बाकीच्यांना निसटता यावं म्हणून ती आणि धर्मेंद्र मागे थांबतात, तेव्हा मी दरवेळी एका लडाखी मुलीसाठीच रडले. दिग्दर्शक चेतन आनंदांनी तर सगळं खरं मिळवलं होतं. युद्ध १९६२चं, सिनेमा १९६४चा, आणि चित्रण थेट लडाखात. डोंगर खरे, वारा खरा. अंगमो तेवढी बाहेरून आणली. आणि मला इतक्या वर्षांत एकदाही ते खुपलं नाही. का नाही खुपलं?

काल रात्री रडू आलं. बाबांचं माझ्याकडे उरलंय तरी काय? ‘होके मजबूर’ लागलं की ते डोळे मिटून गळे ओळखायचे: रफी, तलत, मन्ना डे, भूपिंदर. एका गाण्यात जवानांसाठी चार गळे. आता तिथेही ठेच लागते. अंगमो गाते ती लताबाईंच्या गळ्यानं, कैफी आझमींच्या उर्दूत. मावशी कोणत्या भाषेत गुणगुणत असेल? माझ्याकडे हा एकच सिनेमा होता, तोही आता पूर्वीसारखा बघता येणार नाही, असं वाटत राहिलं. बाबा असते तर... जाऊ दे.

आज जिन्यात भेटली. मीच विषय काढला, सॉरी म्हटलं. तिला कळेचना कशाबद्दल. मग तिथेच पायरीवर बसून तिनं चेवांग रिंचेन यांची गोष्ट सांगितली. तिच्या नुब्रा खोऱ्यातलेच. १९४८ साली, सतराव्या वर्षी, गावची पोरं गोळा करून खोरं राखलं, महावीर चक्र. १९७१ मध्ये पाकिस्तानकडून तुर्तुक गाव घेतलं, तेव्हा दुसरं. बासष्टच्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, लडाख स्काउट्स ही पलटण उभी राहिली, तेही तिच्याकडूनच कळलं. युद्धावरचं इतकं वाचते मी, पण रिंचेन हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. ती मात्र शेजारच्या आजोबांबद्दल बोलावं तशी बोलत होती.

उठता उठता म्हणाली, मावशीला फोनवर विचारलं. मावशीला तो सिनेमा फार आवडतो. आपलं नाव पडद्यावर कुणीतरी हाक मारून घेतं, म्हणून.

ऐकून बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचंच पुन्हा वाईट वाटलं. असो. दोन्ही राहील बहुतेक, सिनेमाही आणि हे खुपणंही.

रविवारी उरलेला अर्धा बघायला येणार आहे. अंगमोचं शेवटी काय होतं, विचारत होती. मी सांगितलं नाही.